आधी नाव, मग माप

टेपमावशीच्या टेपला पहिला इंच नव्हता. शिंप्याकडे असतो तसा पिवळा, वापरून मऊ पडलेला टेप. टोकाची पत्र्याची पट्टी कधीतरी तुटली आणि जाताना पहिला इंच घेऊन गेली. तिचं मोजणं थेट एकाच्या आकड्यापासून सुरू व्हायचं. टेप कायम गळ्यात, पदराच्या वर. "मावशी, नवा घ्या ना आता," असं आम्ही म्हटलं की म्हणायची, "नवा घेईन गो. मग जुन्या मापांचं काय करू? ती ह्याच टेपाची हायत." आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला आज सांगता येणार नाही.

मी पत्रकं लिहिते. कल्याणच्या आमच्या संघटनेत मला पत्रकाचा पहिला नियम शिकवला तो असा: दोषी कोण, हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे, कारण वाचणारा दुसऱ्यापर्यंत जाईल याची खात्री नसते. मला एका परिच्छेदाचा उशीर झालाय, पण सांगून टाकते. एक काम असं होतं की ते या बाईइतकं चांगलं करणारं कोणी मी आजवर पाहिलेलं नाही. ते काम तिच्या हातून गेलं. घालवणारी मी. एका ए-फोर कागदावर, न्यायाची बाजू घेऊन.

कोलशेतला खाडीकडच्या अंगाला एक व्यायामशाळा आहे. आज तिथे टॉवर आहेत, पूर्वी मिठागरं होती. जमीन ज्यांची होती त्या घरातले एक गृहस्थ, सगळे त्यांना भाऊ म्हणत, तिथले कर्तेधर्ते. "माझे आज्याचे पाय मिठानं फाटलेले इथं," असं ते एसीच्या ऑफिसात बसून सांगायचे, आणि ते खरंही होतं. टॉवर बांधणाऱ्याने जाता जाता गावाला एक हॉल बांधून दिला आणि उद्घाटनाला त्यात सरावाची एक सायकल ठेवली. जागेवरच चालणारी, मागचं चाक नसलेली, पायांतला जोर समोरच्या पडद्यावर आकड्यांत दाखवणारी. भारी वस्तू, पण एकच. आणि तिच्यावर तयारी करणाऱ्या दोघी: भाऊंची पुतणी ऋतुजा आणि दिवा स्टेशनहून येणारी मी. आमच्या क्रीडाशिक्षकांनी भाऊंना गळ घातली म्हणून मला तिथे पाय ठेवता आला होता. जिल्ह्याच्या सायकलिंग संघात जाणं, याखेरीज आम्हा दोघींच्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतं.

टेपमावशी तिथे झाडू मारायला होती. हजेरीपटावर तिचा हुद्दा 'सफाई'. पहिल्या आठवड्यात सायकल लावून द्यायची ती व्यायामशाळेतली पोरं. लावायची म्हणजे काय, घुंड्या पिळायच्या, सीट वर-खाली करायची आणि म्हणायचं, "बस बिनधास्त." मी बसले, पाय मारू लागले. मागून आवाज आला.

"अगो ए, उतर! कोणी बसवली हिला? कंबर बघ कशी घुसळतेय. सायकल चालवतेस का ताक करतेस?"

पोरं फिदीफिदी हसली. त्यातला एक म्हणाला, "मावशी, तू तुझं फडकं मार ना."

"फडकं मारूनच आलेय मी," ती म्हणाली. झाडू भिंतीला टेकवला, गळ्यातला टेप काढला आणि माझ्या कमरेच्या हाडापासून टाचेपर्यंत सरसर लावला. एवढ्या सहज की मी लाजायचीही विसरले. मग सीट एका बोटाने खाली, अर्ध्या बोटाने पुढे. "आता मार." मी पाय मारले. पडद्यावरचा आकडा वर चढला. हसणारं पोरगं पाणी प्यायला निघून गेलं.

झाडू मारणाऱ्या बाईच्या गळ्यात टेप कसा? तर कल्याणात शाळेच्या गणवेशांच्या एका दुकानात तिने पंधरा वर्षं मापं घेतली होती. मे-जूनमध्ये दिवसाला शंभर-शंभर पोरं. मग शाळांनी तयार कपड्यांचे गठ्ठे मागवायला सुरुवात केली, लहान-मध्यम-मोठा, तीन खोक्यांत सगळी पोरं बसवली. दुकान बंद पडलं. नवरा त्याच्या आधीच गेलेला. कोलशेत गावठाणात भाड्याची खोली मिळाली, भाऊंच्या हॉलमध्ये झाडू मिळाला. टेप मात्र गळ्यातून उतरला नाही. "काढला की मान गार पडते," म्हणायची.

तिची एक पद्धत होती. माप घ्यायच्या आधी ती वही काढायची, शाळकरी शंभर पानी, आणि विचारायची, "नाव?" नुसतं नाव सांगून चालायचं नाही. बापाचं, आडनाव, सगळं. मी म्हटलं, "मावशी, आम्ही दोघीच तर आहोत." तर म्हणे, "आधी नाव, मग माप. नाव नसलेलं माप कोणाच्यापन अंगावर जातं. एकदा एका बारक्याला सातवीतल्याची पँट गेली दुकानातून. पोरगं झेंडावंदनाला एका हाताने सलाम करत होतं, दुसऱ्याने पँट धरून." मग वहीच्या एका पानावर माझं पूर्ण नाव, समोरच्या पानावर ऋतुजाचं, खाली पेन दाबून रेघ. रेघेखाली आकडे. दर दोन महिन्यांनी नवे. "वाढतं अंग हाय. कालच्या मापावर आज बसवलं तर गुडघा शिव्या देतो."

आम्ही दोघी देवाने एकमेकींच्या उलट्या बनवलेल्या. मी लांब, पण ती लांबी सगळी पायांत. ऋतुजा माझ्या खांद्याला लागायची, पण पाठ माझ्यापेक्षा मोठी, हातही लांब. म्हणजे नुसतं सीट खाली केलं की झालं, असं नव्हतं. तिच्यासाठी सीट खाली आली की हँडल पुढे सरकवावं लागायचं. माझ्यासाठी सीट वर गेली की हँडल जवळ. एका सायकलीच्या चार घुंड्या आणि दोन पोरी. "तुझं सगळं पायात, तिचं सगळं पाठीत," मावशी म्हणायची. "दोघींचं मिळून एक नीट मानूस झालं असतं."

या वाक्यावर ऋतुजा एकदा म्हणाली, "मग मावशी, डोकं कोणाचं घेणार?"

"डोकं बाहेरनं आणू," मावशी म्हणाली.

खुणा करायला आधी तिने शिंप्याचा खडू वापरला. घामाने तो पुसला जाई. मग नेलपॉलिश आणलं: माझ्यासाठी लाल, ऋतुजासाठी जांभळं. सीटच्या दांड्यावर, हँडलच्या पट्टीवर बारीक बारीक रेघा. पण निव्वळ रेघेवर ती विसंबायची नाही. सायकलवर चढवून पाच मिनिटं पाय मारायला लावायची, मागे उभी राहून कंबर बघायची. मग पेडल पुढे आणून थांबायला सांगायची आणि ब्लाउजातून काढायची दोरा ओवलेली शिवणमशीनची बॉबीन. दोऱ्याचं टोक गुडघ्याच्या वाटीला धरायचं, बॉबीन खाली सोडायची. बॉबीन हलत हलत थांबायची. पेडलच्या बरोबर मध्यावर आली तर "बस." नाही आली तर सीट पुढे, नाहीतर मागे. गवंडी ओळंबा लावतात ना, तसा. मी नंतर एका पुस्तकात वाचलं की जगात सगळीकडे असंच बघतात. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "पँटची इस्त्रीची घडी गुडघ्यावरनं सरळ पडाय नको? तसंच."

सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची राहिली. सकाळी सहाला ऋतुजा, सातला मी. आणि संध्याकाळी जाताना मावशी सायकल कोणाच्याच मापावर ठेवायची नाही. दोघींच्या मापांच्या मधोमध आणून ठेवायची. मी म्हटलं, "कशाला? सकाळी पहिली ऋतुजाच येते, तिच्याच मापावर ठेवा ना, तुमचा वेळ वाचेल." म्हणाली, "मग सायकल तिची होईल गो. तुझ्यासाठी तेवढी बदलायची. आता दोघींसाठी बदलते." एवढं बोलून पोछा पिळायला निघून गेली. समतेवर मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत. त्या बाईने ती रोज संध्याकाळी चार घुंड्या फिरवून पाळली, आणि कुठे बोलली नाही.

आता माझा पराक्रम.

मी एकोणीसची होते, कॉलेजात होते, आणि कल्याणच्या संघटनेत नुकतीच जाऊ लागले होते. तिथे एक दादा होते, पत्रकं लिहायला शिकवायचे. "शिवी द्यायची नाही, पण वाचणाऱ्याला ती ऐकू आली पाहिजे," असं सांगायचे. डोक्यात वारं शिरलं होतं, आणि कारणही खरं होतं. निवड चाचणी जवळ आली तशी ऋतुजाची वेळ वाढू लागली. सहा ते सात होतं ते सहा ते साडेसात झालं, मग पावणेआठ. माझ्या वाट्याला आठपर्यंतची पंधरा मिनिटं. मी भाऊंकडे गेले तर ते म्हणाले, "अगो पोरी, एक सायकल, दोन पोरी, भांडता कशाला? सायकल काय पलून चाललीय?" मुलींच्या बाथरूमला कडी नव्हती. प्यायचं पाणी दुपारनंतर संपायचं. मी दिव्याची, पाणी नसणं मला घरीही होतं, पण तिथे निदान शेजारच्या टॉवरच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव नव्हता.

पत्रक लिहिलं. समान वेळ. बाथरूमला कडी. पाणी. तीन मागण्या. दादांनी वाचलं, म्हणाले, "जोर कमी पडतोय. खाली जागाही रिकामी राहिलीय." मलाही वाटलं, तीन मागण्या म्हणजे विनंती अर्ज, चार असल्या की चळवळ. चौथी काय घालावी? मला आठवलं की एवढी महागडी सायकल आणि तिला लावायला प्रशिक्षित माणूससुद्धा ठेवलेला नाही. व्यवस्थापनाची बेपर्वाई दाखवायला याहून चांगलं काय? मी लिहिलं: 'खेळाडूंच्या शरीराशी निगडित असलेले सायकलच्या मापांचे काम चक्क सफाई कर्मचाऱ्याकडून करून घेतले जाते. ते त्वरित थांबवून प्रशिक्षित तज्ज्ञाची नेमणूक करावी.' 'चक्क' हा शब्द दादांना फार आवडला.

वाचताना राग येतोय ना? येऊ द्या. मला वाटलं होतं, मी तिचीच बाजू घेतेय. तिच्यावर कामाचा जादा बोजा टाकलाय, असंही दादांना म्हणाल्याचं आठवतं. तिला विचारलं का? नाही. जिच्या हातात दोन वर्षं माझे गुडघे होते, तिला एक ओळ वाचून दाखवली नाही.

शंभर प्रती काढल्या. हॉलच्या दारात, टॉवरच्या गेटवर, गावठाणातल्या किराणा दुकानात वाटल्या. तिसऱ्या दिवशी भाऊंनी बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेले, मुद्दे पाठ करून. भाऊंनी चहा मागवला.

"तूच लिवलंस ना गो ह्या?" पत्रक टेबलावर होतं, चौथ्या मागणीखाली पेनने रेघ ओढलेली. "आमी वाचला. पटला. चुकलाच आमचा. पोरींच्या अंगाचा काम, आणि झाडूवाली करतेय. उद्या काय झाला तर जबाबदार कोन?"

"भाऊ, पण बाकीच्या तीन..."

"त्या बगू. ही लगेच मान्य. काढली तिला."

"काढली म्हणजे?"

"काढली म्हणजे काढली. सायकलीपासून लांब राहा सांगितला, तर ऐकेना. म्हनते, पोरींचा माप माझ्याकडे हाय. मग कामावरनंच काढली. तुमच्याच मागनीवरनं."

चहा आला. मी तो प्यायले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्या चहाची वाटते.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. 'खेळाडूंच्या मागणीनुसार प्रशिक्षित तज्ज्ञाची नेमणूक करण्यात आली आहे. इतर कोणीही सायकलच्या मापांना हात लावू नये.' बाथरूमची कडी लागली नाही. पाणी दुपारी संपतच राहिलं.

ऋतुजा फलकापाशी उभी होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटलेलं, तू माझ्याविरुद्ध लिहिणारेस. ते चाललं असतं, मी वेळ खात होते तुझा. तू तर मावशीच्या विरुद्ध लिहिलंस."

"मी व्यवस्थेविरुद्ध लिहिलं," मी म्हटलं.

"व्यवस्था आत चहा पितेय. मावशी गेली."

मला तिची चीड आली. बंगल्यात राहणारी पोर मला शिकवणार! तिच्याशी बोलणं टाकलं मी.

तज्ज्ञ आले. महिन्यातून दोनदा यायचे, टी-शर्टवर कंपनीचं नाव छापलेलं, हातात टॅब. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आम्हाला एकेकदा सायकलवर बसवलं, फोटो काढले, मग विचारलं, "आधीचा काही रेकॉर्ड आहे?" मावशीची वही ड्रॉवरमध्ये राहिली होती. ती मीच काढून दिली, अभिमानाने. आमच्याकडे नोंदी आहेत बघा, अशा थाटात. त्यांनी आकडे टॅबमध्ये भरले. माझी सीट पेडलपासून तीस इंच, ऋतुजाची साडेसव्वीस. छान तक्ता छापून, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला. दांड्यावरच्या लाल-जांभळ्या रेघा 'अस्वच्छ दिसतात' म्हणून थिनरने पुसायला लावल्या. मग आपला चकचकीत स्टीलचा टेप काढला आणि तक्त्याप्रमाणे सायकल लावून दिली. बरोबर तीस.

आता टेपमावशीचा टेप आठवा. त्याला पहिला इंच नव्हता. तिचे तीस म्हणजे जगाचे एकोणतीस. तिचं कधी काही बिघडलं नाही, कारण ज्या टेपने ती अंग मोजायची त्याच टेपने सायकल लावायची. तो एक इंच वहीत कुठेच लिहिलेला नव्हता. तो तिच्या गळ्यात होता.

दोघींचीही सीट एका इंचाने वर गेली. ऋतुजाने चार दिवसांत तक्रार केली, गुडघ्याच्या मागे दुखतंय. भाऊंनी तिला बंगल्यावर दुसरी सायकल आणून दिली. म्हणजे बघा, माझी पहिली मागणीही मान्य झाली. सायकल आता सगळा वेळ माझी. वरून खाली पेडल गाठताना पावलं ताणली जायची, कंबर घुसळायची. मागून कोणी ओरडत नव्हतं. दुखत मलाही होतं. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार? तज्ज्ञ माझ्या मागणीने आलेला. शास्त्रशुद्ध आहे, सवय होईल, असं स्वतःला बजावत सहा आठवडे त्या उंचीवर पाय मारले. हात पुढे करून सीट एक बोट खाली घ्यायची, एवढंच होतं. घेतली नाही. फलकावरची सूचना कोणाच्या मागणीने लागली होती, ते मला चांगलं माहीत होतं.

निवड चाचणीत मी अर्ध्यावर उतरले. गुडघा वाकेना. ऋतुजा संघात गेली. संध्याकाळी ती मला शोधत आली, हातात बर्फाची पिशवी. मी नको म्हटलं. तिने ती माझ्या गुडघ्यावर ठेवलीच.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "मावशी कोलशेत सोडून जायच्या आधी मी तिला घरी बोलावलेलं, नव्या सायकलचं माप लावायला. तिने वहीतला आकडा मला विचारून घेतला, आणि गळ्यातला टेप लावला. मी म्हटलं, मावशी, हा तर एकपासून सुरू होतो. ती म्हणाली, 'मग? आकडा पन त्याचाच हाय.' तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलत कुठे होतीस माझ्याशी? भाऊकाकांना सांगितलं, तर म्हणाले, शिकलेल्या माणसाला झाडूवालीचा टेप दाखवू काय? मी तक्त्यावर पेनने लिहूनसुद्धा ठेवलेलं. कोणीतरी पुसलं."

मी पुसलं होतं. 'एक इंच कमी' असं कोणीतरी तक्त्यावर खरडलेलं मला दिसलं होतं, आणि तक्ता विद्रूप करू नये म्हणून मीच ओल्या फडक्याने ते पुसून काढलं होतं. हे मी ऋतुजाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा सांगतेय.

मावशी कल्याणला बहिणीकडे गेली, एवढं ऋतुजाला माहीत होतं. शोधायला मला वर्ष लागलं. खरं सांगायचं तर शोधायला एक दुपार लागली, जायला वर्ष. कल्याणच्या बाजारात तयार कपड्यांच्या एका दुकानाबाहेर, जिन्याखालच्या जागेत तिचं मशीन होतं. आत विकत घेतलेल्या पँटी बाहेर तिच्याकडे आखूड व्हायच्या. टेप गळ्यात. तोच.

मी मोकळ्या हाताने गेले नव्हते. पत्रक नेलं होतं. नवीन, जाहीर माफीचं. हॉलच्या दारात, टॉवरच्या गेटवर, जिथे पहिलं वाटलं तिथे सगळीकडे वाटण्यासाठी. तीन रात्री जागून लिहिलेलं. दादांनाही दाखवलं नव्हतं.

तिने मान वर केली. ओळखलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. "मापाला आलीस का भेटायला? मापाला आली असशील तर बस. भेटायला आली असशील तर गिऱ्हाईक यायचं हाय."

"मावशी, हे वाचा ना एकदा."

तिने चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचू लागली. "'कोलशेत येथील व्यायामशाळेत एका कष्टकरी... सफाई कर्मचारी भगिनीवर... घोर अन्याय...' भगिनी कोण?"

"तुम्ही."

पुढे वाचलं. शेवटपर्यंत. घाई केली नाही. मग कागद मांडीवर ठेवला.

"अन्याय हाय. संघर्ष हाय. माफी दोनदा हाय. सायकल कुठाय?"

मला कळलं नाही.

"मी झाडू मारत होते ते खरं. त्याची मला लाज नाय. पन ती सायकल कोण लावत होतं? दोघींना, रोज, एका बोटाचा फरक न पडता? ते कुठं लिवलंस? ह्या कागदातपन मी सफाईवालीच हाय."

मी कागद परत घेतला. खरंच नव्हतं. पूर्ण पानभर मी लिहिलं होतं, आणि तिला काय येत होतं त्याची एक ओळ त्यात नव्हती. मी पेन काढलं. "घालते मावशी. आत्ता घालते. तुमच्या नावासकट. तुमचं नाव काय?"

ती हसली. बरं वाटण्यासारखं हसणं नव्हतं ते.

"आता इचारतेस? दोन वर्सं तुझ्या ढुंगणाखालची सीट लावली मी."

दोन वर्षं ती मला रोज दिसत होती. माझं पूर्ण नाव तिच्या वहीत, बापाच्या नावासकट, रेघ मारून. माझ्याकडे तिचं काय होतं? टेपमावशी.

"उभी राहा," ती एकदम म्हणाली. "चार पावलं चाल." मी चालले. "डावा अजून धरतोय. मागच्या बाजूनं ना?" मी हो म्हटलं. तिने टेप काढला, माझ्या कमरेच्या हाडाला लावला, टाचेपर्यंत नेला. सवयीने. मग स्वतःशीच मान हलवून टेप परत गळ्यात घातला. कशासाठी मोजायचं, ते आता दोघींनाही माहीत नव्हतं.

मग तिने नाव सांगितलं. पूर्ण. नवऱ्याचं, आडनाव, आणि लग्नाआधीचंही. मी लिहायला पेन टेकवलं तर तिने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना अजून जोर आहे.

"ऐकायला सांगितलं. कागदावर नाय घालायचं."

"का पण?"

"तुझ्या कागदावर आलेली बाई कामावरनं जाते."

म्हणून या सबंध लिखाणात तिचं नाव नाही. माफीचं पत्रक मी छापलं नाही. सायकल अजून कोलशेतलाच आहे, बरोबर तीस इंचांवर, आणि तिला हात लावू नये अशी सूचना माझ्या मागणीनुसार भिंतीवर आहे.

तिने माझं मनगट सोडलं तेवढ्यात दुकानातून एक माणूस नवी पँट घेऊन बाहेर आला. घाईत होता. "मावशी, दोन इंच कमी करा पटकन, ट्रेन आहे." मावशीने माझ्या हातातला माफीचा कागद उचलला, उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पेन्सिल कानामागून काढली.

"आधी नाव सांगा," ती म्हणाली.